रंगाचा 'हात' आणि फवारा : औरंगाबाद परिसरातील फर्निचर-रंगकामाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठीत रंगाच्या एका लेपाला 'हात' म्हणतात. 'दाराला रंगाचे दोन हात दिले', 'कपाटाचा शेवटचा हात बाकी आहे' असे आपण सहज बोलतो. रंग कुंचल्याने किंवा कापडाच्या पुरचुंडीने, म्हणजे प्रत्यक्ष हाताने पृष्ठभागावर चढविला जात असे, त्या काळाची ही भाषिक खूण आहे. विसाव्या शतकात फर्निचरच्या रंगकामात फवारयंत्राचा, म्हणजेच कारागिरांच्या बोलीतील 'गन'चा प्रवेश झाला आणि रंगविणारा हात पृष्ठभागापासून वीतभर दूर गेला. तरीही आज गन चालविणारा कारागीर 'दोन हात मारले' असेच म्हणतो. शब्द टिकला, त्यामागील काम मात्र बदलले. हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

औरंगाबादच्या कारागिरीचा इतिहास सामान्यतः हिमरू व मशरू वस्त्रे, बिदरी काम, पैठणची पैठणी आणि कागजीपुऱ्याचा हातकागद यांच्या आधारे सांगितला जातो. हे सर्व व्यवसाय दरबाराशी वा निर्यातीशी जोडलेले असल्याने त्यांच्या नोंदी गॅझेटिअरांत व प्रवासवर्णनांत सापडतात. याउलट स्वातंत्र्योत्तर काळात शहराच्या जवळजवळ प्रत्येक घरात पोहोचलेल्या पोलादी कपाटाचा आणि ते रंगविणाऱ्या कारागिरांचा उल्लेख स्थानिक इतिहासलेखनात क्वचितच येतो. ही वस्तू जुनी नाही, सुंदर मानली जात नाही आणि ती घडविणाऱ्याचे नाव तिच्यावर नसते. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वस्तूंकडेही वळणे आवश्यक आहे, ही या लेखामागील भूमिका होय.

(शहराचे अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे आहे. विवेचनाचा बहुतांश भाग त्यापूर्वीच्या काळाशी संबंधित असल्याने लेखात 'औरंगाबाद' हे तत्कालीन नाव वापरले आहे.)

अभ्यासाची उद्दिष्टे

१) फवारयंत्रापूर्वीच्या फर्निचर-पृष्ठकामाच्या परंपरांचा थोडक्यात परिचय करून घेणे.
२) फवारयंत्र, जलद वाळणारे रंग आणि पोलादी फर्निचर यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) औरंगाबादच्या औद्योगिकीकरणाच्या संदर्भात या तंत्राच्या प्रसाराची कारणमीमांसा करणे.
४) या तंत्रामुळे कारागिराचे कौशल्य, आरोग्य व कायदेशीर स्थान यांवर झालेल्या परिणामांची चर्चा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. उद्योगांच्या इतिहासातील प्रसिद्ध माहिती, कायद्यांच्या तरतुदी, रंगकामाची तांत्रिक प्रक्रिया आणि कारागिरांची व्यावसायिक परिभाषा ही येथील प्रमुख साधने आहेत. परिभाषा हेदेखील ऐतिहासिक साधन आहे, हे गृहीत धरून तिचा जाणीवपूर्वक उपयोग केला आहे.

१. फवाऱ्यापूर्वीचे पृष्ठकाम

मराठवाड्याच्या ग्रामव्यवस्थेत सुतार हा बलुतेदार होता. नांगर, तिफण, बैलगाडी, दारे, पाट व पाळणा ही त्याची कामे. या लाकडाला रंग देण्यापेक्षा तेल पाजण्याची रीत अधिक होती. रंगीत पृष्ठभाग हा शोभेचा भाग असे. ज्या वस्तूंना तो दिला जाई, त्या रंगविणारे कारागीर बहुधा सुताराहून वेगळे असत. महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे सावंतवाडी. तेथील चितारी कारागीर गंजिफांबरोबरच पाट, चौरंग व लाकडी खेळणी रंगवीत आणि त्यांवर लाखेचा लेप चढवीत. भारतात अनेक ठिकाणी चालणाऱ्या कातकामात तर कुंचलाही लागत नाही. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली जाते, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणली जाते. मात्र ही पद्धत पाळण्याचे पाय किंवा मेजाचे खूर अशा गोल वस्तूंनाच उपयोगी पडते.

सपाट पृष्ठभागासाठी शहरांत रूढ झाली ती स्पिरिट पॉलिशची पद्धत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत तयार होणारे कोरीव शिसवी फर्निचर प्रसिद्ध होते. अशा घरंदाज फर्निचरमुळे हाताच्या पॉलिशला प्रतिष्ठा होती. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापूस भरलेल्या कापडी पुरचुंडीने ती गोलाकार गतीने लाकडावर घासावयाची, वाळू द्यावयाची, बारीक कागदाने घासून पुन्हा लेप द्यावयाचा, असे हे काम दिवसेंदिवस चाले. पुरचुंडी चिकटू नये म्हणून तिला जवसाच्या तेलाचा थेंब लावीत. दाब किती, गती किती आणि कोठे थांबावयाचे, हे मनगटाला ठाऊक असे. या कामाला उपकरण जवळजवळ नव्हते; भांडवल होते ते अनुभवाचे. त्यामुळे पॉलिश करणारा कारागीर गरीब असला तरी आपल्या कामाच्या गतीवर त्याचे स्वतःचे नियंत्रण होते. पुढील बदलाचे मोजमाप करताना ही बाब लक्षात ठेवावी लागते.

२. फवारयंत्र व जलद वाळणारा रंग

फवारयंत्राचा एक उगम वैद्यकात आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या टोलेडो शहरातील ॲलन डीव्हिल्बिस या डॉक्टरांनी १८८० च्या दशकात रुग्णाच्या घशात औषधाचा फवारा मारण्याचे साधन तयार केले. त्यांचे पुत्र टॉमस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेच तत्त्व रंगकामासाठी वापरले. तत्त्व साधे होते. दाबाखालील हवा अरुंद छिद्रातून वेगाने बाहेर पडताना द्रवाला ओढून घेते आणि त्याचे सूक्ष्म थेंब करते.

तथापि केवळ यंत्र आल्याने तंत्र रुजत नाही. तेलरंग सावकाश वाळत असल्याने कुंचल्याच्या रेषा आपोआप सपाट होत, म्हणून त्याला कुंचला पुरेसा होता. फवारा अनिवार्य झाला तो नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे. पहिल्या महायुद्धात स्फोटक द्रव्यांसाठी नायट्रोसेल्युलोजचे प्रचंड उत्पादन होत होते. युद्ध संपल्यावर या क्षमतेचा शांतताकालीन उपयोग शोधला जाऊ लागला. ड्यूपाँ कंपनीने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी त्यापासून 'ड्युको' हा रंग विकसित केला आणि जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड मोटारीसाठी तो वापरला. मोटारीच्या रंगकामाला पूर्वी कित्येक आठवडे लागत. ते काम आता काही दिवसांत होऊ लागले. हा रंग इतक्या वेगाने वाळे की कुंचला फिरवून तो सारखा करण्यास वेळच मिळत नसे. म्हणजे जलद वाळणारा रंग आणि फवारयंत्र हे एकमेकांशिवाय अपुरे होते. अमेरिकेतील रंगाऱ्यांच्या संघटनांनी आरोग्य व रोजगार या दोन्ही कारणांनी फवाऱ्याला विरोध केला होता, याचीही येथे नोंद घ्यावयास हवी.

भारतात 'ड्युको' हे एका उत्पादनाचे नाव न राहता पद्धतीचे नाव झाले. आजही मराठी सुतार व इंटिरिअरचे काम करणारे मिस्त्री फवाऱ्याने दिलेल्या गुळगुळीत, अपारदर्शक रंगाला सरसकट 'ड्युको' म्हणतात, मग तो रंग कोणत्याही कंपनीचा असो. देशातील रंगउद्योगही याच काळात विस्तारत होता. कोलकात्याजवळ शालिमार पेंट्स १९०२ मध्ये, मुंबईत गहागन पेंट्स (पुढील गुडलास नेरोलॅक) १९२० मध्ये आणि चार मित्रांनी मुंबईतच उभारलेली एशियन पेंट्स १९४२ मध्ये सुरू झाली. फवाऱ्याला लागणारा दुसरा घटक म्हणजे दाबाखालील हवा. पुण्यात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीमुळे कॉम्प्रेसरच्या देशी निर्मितीला बळ मिळाले.

३. पोलादी कपाट : एका वस्तूचा इतिहास

फवाऱ्याला फर्निचरच्या क्षेत्रात खरे घर मिळाले ते लाकडावर नव्हे, तर पत्र्यावर. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना सुरू केला. पुढे तिजोऱ्या आणि १९२३ पासून पोलादी कपाटे तयार होऊ लागली. किर्लोस्करवाडी येथेही शेतीअवजारांच्या जोडीने लोखंडी फर्निचर तयार होत असे. स्वातंत्र्यानंतर सरकारी कार्यालये, बँका, शाळा व महाविद्यालये यांना दस्तऐवज ठेवण्यासाठी वाळवी व उंदीर यांपासून सुरक्षित अशी कपाटे हवी होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लक्षावधी पोलादी मतपेट्या गोदरेजच्या विक्रोळी येथील कारखान्यात तयार झाल्या, यावरून पत्राकामाचा विस्तार ध्यानात येतो.

कार्यालयातून हे कपाट घरात आले. 'गोदरेजचे कपाट' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला की गल्लीतील वर्कशॉपमध्ये बनलेल्या कपाटालाही तेच नाव मिळाले. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून कपाट देण्याची पद्धत मराठवाड्यातही रूढ झाली. कुलूप असलेला आतला खण आणि दारावरील आरसा यांमुळे ते नवविवाहितेच्या स्वतःच्या मालमत्तेची जागा ठरले. लग्नसराईत कपाटांची मागणी एकदम वाढे. मागणीचा हा हंगामी स्वभाव रंगकामाच्या गतीशी थेट निगडित आहे. आठ-दहा दिवस चालणारे हाताचे काम अशा मागणीला पुरे पडणे शक्य नव्हते.

पत्र्याला रंग देण्याचे कारण केवळ शोभेचे नाही. उघडा पत्रा गंजतो. म्हणून मोठ्या कारखान्यांत 'सात टाक्यां'ची प्रक्रिया रूढ झाली. पत्र्यावरील तेल व गंज काढणे, मधून मधून धुणे, फॉस्फेटचा थर चढविणे व तो स्थिर करणे अशा क्रमाने पत्रा सात टाक्यांतून जातो. त्यानंतर फवाऱ्याने रंग देऊन तो भट्टीत सुमारे १२० ते १५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजला जातो. लहान वर्कशॉपमध्ये टाक्याही नसतात आणि भट्टीही नसते. तेथे पॉलिश पेपरने गंज घासणे, थिनरने पुसणे, रेड ऑक्साइडचा अस्तर-हात देणे, खड्डे व वेल्डिंगचे सांधे लांबी भरून सपाट करणे, पाण्याने वॉटर पेपर घासणे आणि मग गनने रंग मारणे, असा क्रम असतो. एकेकाळी लोकप्रिय असलेला ठोकल्यासारख्या नक्षीचा 'हॅमरटोन' रंग या वर्कशॉपना विशेष सोयीचा होता. त्याच्या खडबडीत चमकेमुळे पत्र्यातील बारीक उंचसखलपणा दिसत नसे. ग्राहकाला जी शोभा वाटे, ती कारागिराच्या दृष्टीने दोष झाकण्याची सोयही होती.

४. औरंगाबादचा औद्योगिक संदर्भ

औरंगाबाद १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. १९५० च्या दशकात येथे उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला. मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये आणि मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले. नवी कार्यालये, वसतिगृहे, ग्रंथालये व प्रयोगशाळा यांचा अर्थ टेबले, खुर्च्या, कपाटे व लोखंडी खाटा असाही होतो. शिक्षणाच्या इतिहासाचा हा लाकडी व पोलादी भाग सहसा दुर्लक्षित राहतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्यानंतर रेल्वे स्थानक परिसर, चिकलठाणा व पुढे वाळूज येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. वाळूज येथील बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. दुचाकी वाहनांच्या उत्पादनात रंगविभाग हा कळीचा विभाग असतो. अशा मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग आणि रंगाचे जॉबवर्क करणाऱ्या शॉप्स निर्माण झाल्या. कॉम्प्रेसर, गन, थिनर व सुट्या भागांची दुकाने, यंत्र दुरुस्त करणारे मिस्त्री आणि गन धरण्याची सवय झालेले हात ही सर्व सामग्री शहरात उपलब्ध झाली. वाहनउद्योगासाठी निर्माण झालेल्या या व्यवस्थेचा लाभ फर्निचरच्या वर्कशॉपना मिळाला, असे मानण्यास पुरेशी जागा आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील 'पेंटर जनरल' या अभ्यासक्रमामुळे औपचारिक शिक्षणाची वाटही होती. तथापि लहान वर्कशॉपमध्ये हे काम मुख्यतः उस्तादाच्या हाताखालीच शिकले गेले.

दुसऱ्या बाजूने मागणीही वाढत होती. १९७० च्या दशकापासून सिडकोने वसविलेल्या नव्या औरंगाबादेत लहान घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. या घरांत भिंतीतील जुन्या कोनाड्यांना व फडताळांना जागा नव्हती. त्यामुळे उभे कपाट ही गरज बनली. खेड्यातून शहरात आलेल्या कामगारकुटुंबाच्या दृष्टीने ते स्थैर्याचे चिन्हही होते.

हवामानाचाही या कामाशी संबंध आहे. औरंगाबादचा उन्हाळा कडक व कोरडा असतो. अशा हवेत गनमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच त्यातील द्रावक उडून जातो आणि हाताला खरखर लागते. याउलट पावसाळ्यात लॅकरवर बाष्प धरते व तो पांढुरका पडतो. त्यामुळे ऋतूनुसार थिनर बदलणे, उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरकणे, पावसाच्या दिवशी शेवटचा हात टाळणे हे शहाणपण कारागिरांनी अनुभवातून मिळविले. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत यात आणखी एक अट आली. वीज नसेल तर कॉम्प्रेसर बंद आणि कॉम्प्रेसर बंद तर हात रिकामे. पुरचुंडीने पॉलिश करणाऱ्याला हे परावलंबन ठाऊक नव्हते.

५. कौशल्याची विभागणी

फवाऱ्याने कौशल्य संपविले, असे सर्रास म्हटले जाते. ते अपुरे आहे. गन चालविणे हेही कौशल्यच आहे. गन पृष्ठभागापासून साधारण वीतभर, म्हणजे सहा ते आठ इंचांवर आणि काटकोनात धरावी लागते. मनगट वळवून चाप काढल्यास मध्ये जाड व कडेला पातळ थर बसतो. म्हणून संपूर्ण हात पृष्ठभागाला समांतर न्यावा लागतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या सुमारे निम्म्या भागावर यावा लागतो. गन जवळ गेली तर रंग ओघळतो. दूर गेली किंवा रंग दाट राहिला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. कडा व कोपरे आधी, मोठे पृष्ठ नंतर, हा क्रम पाळावा लागतो. हे सर्व कपाटाच्या एका दारासाठी काही मिनिटांत करावयाचे असते.

खरा बदल वेगळा आहे. हाताच्या पॉलिशमध्ये घासणे व लेप देणे ही एकाच कारागिराची, एकमेकांत गुंतलेली कृती होती. फवाऱ्याने त्यांची फारकत केली. लेप देण्याचा वेळ दिवसांवरून मिनिटांवर आला. परंतु गंज काढणे, लांबी भरणे व पेपर मारणे यांना लागणारा वेळ फारसा कमी झाला नाही. उलट फवाऱ्याचा चकचकीत थर खालचा प्रत्येक ओरखडा उघड करीत असल्याने तयारीचे काम अधिक काटेकोर झाले. परिणामतः वर्कशॉपमध्ये दोन स्तर निर्माण झाले. एक 'गन मारणारा' मिस्त्री आणि दुसरा घासकाम करणारा पोऱ्या किंवा मदतनीस. कामाचे बहुतेक तास दुसऱ्याचे असतात. मजुरी व नाव मात्र पहिल्याकडे जाते. यंत्राने वाचविलेला वेळ हा संपूर्ण कामाचा वेळ नसून त्यातील दिसणाऱ्या भागाचा वेळ होता, हा या विवेचनातील मध्यवर्ती मुद्दा होय.

६. निर्मलचे उदाहरण : दुसरी शक्यता

हा परिणाम अटळ होता काय, हे पाहण्यासाठी जवळच्याच एका परंपरेशी तुलना करता येते. आज तेलंगणात असलेले निर्मल हे गाव पूर्वी हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. सध्या नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट परिसरही १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे निर्मल व औरंगाबाद ही दोन्ही ठिकाणे दीर्घकाळ एकाच राज्यव्यवस्थेत होती. तेथील नकाशी कारागीर पोनिकी या हलक्या लाकडाची खेळणी करीत. निर्मलची रंगीत चित्रे व फर्निचरही प्रसिद्ध आहे आणि 'निर्मल फर्निचर'ला भौगोलिक मानांकन आहे.

निर्मलच्या कारागिरांनी विसाव्या शतकात खनिज व वनस्पतिजन्य रंगांच्या जागी ड्युको रंग स्वीकारले. मोटारीसाठी जन्मलेला रंग तेथे पारंपरिक वेलबुट्टीच्या सेवेत आला. मात्र रंग बदलला तरी नक्षीचे रेखाटन कुंचल्यानेच होत राहिले आणि वस्तूचे मूल्य त्या रेखाटनात राहिले. औरंगाबादच्या कपाटावर असे काहीच नव्हते. एकसारखेपणा हेच त्याचे मूल्य होते, आणि एकसारखेपणात करणाऱ्याची ओळख उरत नाही. नवे तंत्र कारागिराला पुसून टाकते की नाही, हे तंत्रापेक्षा बाजार कशाला किंमत देतो यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष या तुलनेतून काढता येतो.

७. आरोग्य आणि कायदा

साध्या हवेच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी सामान्यतः निम्म्याहून कमी रंग वस्तूवर बसतो. उरलेला हवेत जातो. त्यातील काही भिंतींवर व जमिनीवर, तर काही कारागिराच्या श्वासात उतरतो. थिनरमधील टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके मज्जासंस्थेवर परिणाम करतात. पिवळ्या, केशरी व हिरव्या छटांसाठी शिशाची रंगद्रव्ये दीर्घकाळ वापरात होती. दोन घटक मिसळून वापरावयाच्या पॉलियुरेथेन, म्हणजे 'पीयू' रंगातील आयसोसायनेटमुळे व्यावसायिक दमा होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच रंगाऱ्याच्या व्यवसायातील संसर्गाला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून वर्गीकृत केले. तोंडाला बांधलेला रुमाल रंगाचे काही थेंब अडवितो. द्रावकाची वाफ मात्र त्यातून आत जाते. घशाच्या उपचारासाठी जन्मलेल्या साधनाने या व्यवसायात घशालाच अपाय केला.

कायद्याचे चित्र विचार करण्याजोगे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये धूळ व धूर यांच्या निराकरणाची, कलम ३७ मध्ये ज्वालाग्राही वायू व धूळ यांबाबतची, तर कलम ८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयी नियम करण्याची तरतूद होती. परंतु 'कारखाना' या संज्ञेसाठी वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगारांची अट होती. दोन मिस्त्री व तीन मदतनीस असलेले कपाटाचे वर्कशॉप या व्याख्येत बसत नसे. कलम ८५ अन्वये राज्य शासनाला लहान ठिकाणांनाही अधिनियम लागू करता येत होता. म्हणजे मार्ग होता, पण तो आपोआप उघडणारा नव्हता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखान्याच्या सर्वसाधारण व्याख्येतील ही संख्या वीस करण्यात आली. गॅरेजएवढ्या खोलीत, खिडक्या बंद करून (धूळ बसू नये म्हणून) रंग मारणाऱ्या कारागिराला धोका मोठ्या कारखान्याहून अधिक असतो. संरक्षण मात्र संख्येच्या हिशेबाने मिळते.

शिशाच्या संदर्भात उशिरा का होईना पाऊल पडले. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्र शासनाचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि वर्षभराने अमलात आले. या नियमांचा प्राथमिक हेतू घरातील बालकांचे रक्षण हा होता. रंगविणाऱ्याला त्याचा लाभ ओघाने मिळाला.

८. पावडर, सनमायका आणि ओसरते वर्कशॉप

द्रवरंगाच्या फवाऱ्याचे फर्निचरमधील वर्चस्व आता ओसरत आहे. पत्र्यासाठी पावडर कोटिंग आले. कोरड्या भुकटीला विद्युतभार देऊन ती पत्र्यावर चिकटविली जाते आणि भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळविली जाते. तीत द्रावक नसते आणि खाली पडलेली भुकटी पुन्हा वापरता येते. आरोग्याच्या दृष्टीने ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र तिला भट्टी व मोठे भांडवल लागते; त्यामुळे रंगकाम गल्लीतील वर्कशॉपमधून औद्योगिक वसाहतीतील जॉबवर्क युनिटकडे सरकले. लाकडाच्या बाजूने सनमायकाने व तयार मुलाम्याच्या फळ्यांनी रंगाची गरजच कमी केली. उरलेले फवाऱ्याचे काम स्वयंपाकघराच्या व कपाटांच्या एम.डी.एफ.च्या दारांवर 'पीयू' किंवा 'ड्युको' या नावाने चालते, आणि त्यातील बरेचसे काम ग्राहकाच्या राहत्या घरात, कोणत्याही शोषणपंख्याशिवाय केले जाते.

निष्कर्ष

१) फर्निचरच्या रंगकामात फवारयंत्र एकटे आले नाही. जलद वाळणारा रंग, कॉम्प्रेसर, वीज, पोलादी पत्रा आणि हंगामी मागणी यांच्या एकत्रित प्रभावाने ते रुजले.
२) औरंगाबादेत वाहनउद्योगाने निर्माण केलेली साधने व कौशल्ये आणि वाढत्या वसाहतींची गरज या दोहोंनी त्याच्या प्रसाराला चालना दिली.
३) फवाऱ्याने कौशल्य नष्ट केले नाही, त्याची विभागणी केली. पृष्ठभाग तयार करण्याचे श्रम कायम राहिले, पण ते कमी मजुरीच्या व अदृश्य स्तरात ढकलले गेले.
४) निर्मलच्या उदाहरणावरून नवा रंग स्वीकारूनही कारागिराची ओळख टिकू शकते, असे दिसते. त्यासाठी बाजाराने हस्तकौशल्याला मूल्य द्यावे लागते.
५) कामगारसंख्येवर आधारित व्याख्येमुळे सर्वाधिक धोका पत्करणारे कारागीर दीर्घकाळ कायद्याच्या सर्वसाधारण कक्षेबाहेर राहिले.

समारोप

आपल्या महाविद्यालयांच्या कार्यालयांत, ग्रंथालयांत व विभागांत जुनी पोलादी कपाटे अद्याप उभी आहेत. त्यांच्या दाराच्या आतील बाजूस, बिजागरीजवळ नीट पाहिले तर अस्तराचा तांबूस रंग, त्यावरील लांबी आणि वेगवेगळ्या काळी मारलेले रंगाचे हात थराथराने दिसतात. महाविद्यालयाच्या जुन्या जडवस्तू नोंदवह्यांत त्यांच्या खरेदीची तारीख, पुरवठादार व किंमत नोंदलेली असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या नोंदवह्या वाचण्यास लावणे आणि शहरातील वयोवृद्ध पॉलिशवाल्यांच्या व गन मिस्त्रींच्या मुलाखती नोंदविण्यास सांगणे, हा स्थानिक इतिहासाचा सहजसाध्य प्रकल्प होऊ शकेल. त्यास विलंब करण्यासारखी स्थिती नाही. वर्कशॉप बंद होत आहेत आणि ज्यांनी आयुष्यभर रंगाचा वास घेतला, त्यांचा श्वास आधीच उणावलेला आहे. रंगाच्या लेपाला 'हात' म्हणणाऱ्या भाषेने त्या हातांची नोंद ठेवणे हे औचित्याचे ठरेल.